तुमच्या वाक्यातल्या 'च'ला पुरावा आहे का?

पत्र :

ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला मराठी आणि इतिहास शिकवते. दरवर्षी वादविवाद स्पर्धेला मुलं नेते. यंदा विषय होता 'शालेय शिक्षण मातृभाषेतूनच मिळाले पाहिजे'. अनुकूल बाजूने बोलणाऱ्या माझ्या मुलीने भाषणाची सुरुवात मेकॉलेच्या त्या प्रसिद्ध उताऱ्याने केली, की मी भारतभर फिरलो पण एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर यांची शिक्षणपद्धती बदलायला हवी वगैरे. मला शंका आली म्हणून विचारलं कुठून आणलंस, तर म्हणाली "बाई, गुगलवर आहे की" आणि चार साइट उघडून दाखवल्या. मी ते काढायला लावलं. ती रडली. स्पर्धेत समोरच्या टीमने कुठले कुठले आकडे धडाधड फेकले आणि पहिला नंबर घेऊन गेले. आता मुलं म्हणतात, पुरावे तपासत बसलं की हरायलाच होतं. मला शनिवारचा एक तास मिळतो. मुलांचा जोश न घालवता हे शिकवायचं कसं?

उत्तर :

मॅडम, तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा त्या मुलीचंच वाईट वाटलं आणि मग तुमचंही, कारण तुम्ही केलं ते बरोबर होतं आणि तरी दोघींच्या हाती काहीच लागलं नाही. उतारा काढायला लावलात ते योग्यच. पण तिच्या बाजूने बघा ना, तिने मेहनतीने काहीतरी शोधून आणलं, तुम्ही म्हणालात नको, आणि का नको ते तिला स्वतःला दिसलंच नाही. तिला एवढंच कळलं की बाईंना आवडलं नाही. म्हणजे पुढच्या वेळी ती पुरावा तपासणार नाही, बाईंना काय आवडेल ते तपासेल. म्हणून म्हणते, तो उतारा अजून फेकू नका, त्याच्याइतका चांगला धडा तुम्हाला विकत घेऊन मिळणार नाही.

शनिवारी तो फळ्यावर लिहा आणि मुलांना एकच काम द्या, याच्यात तपासता येईल अशी गोष्ट कोणती आहे ती शोधा. बहुतेक फॉरवर्डमध्ये तारीख असते, २ फेब्रुवारी १८३५, आणि खाली लिहिलेलं असतं की ब्रिटिश पार्लमेंटमधलं भाषण. झालं, धागा सापडला. आता विचारा, त्या दिवशी मेकॉले होता कुठे? मुलं शोधतील. १८३४ च्या फेब्रुवारीत तो इंग्लंडहून जहाजाने निघाला आणि जूनमध्ये मद्रासला उतरला, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलमध्ये कायदा सदस्य म्हणून आला होता, आणि १८३८ पर्यंत इथेच होता. प्रवासाला चार महिने लागायचे त्या काळात. म्हणजे १८३५ च्या फेब्रुवारीत तो लंडनमध्ये उभा राहून भाषण करूच शकत नव्हता, तो कलकत्त्यात होता. हे मुलांनी स्वतः जुळवलं ना की त्यांचे चेहरे बघा. तुम्ही दहा वेळा 'खोटं आहे' सांगून जे होणार नाही ते एका तारखेने होतं.

आणि खरी मजा तर इथून पुढे आहे. २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख हवेतून आलेली नाहीये. त्याच तारखेचं मेकॉलेचं शिक्षणावरचं टिपण खरोखर आहे, कलकत्त्यात लिहिलेलं, आणि ते आज कुणालाही वाचायला मिळतं. त्यात भिकारी नाही, चोर नाही, भारताची स्तुती तर अजिबात नाही. त्यात काय आहे, तर युरोपातल्या एखाद्या चांगल्या ग्रंथालयाचं एक फडताळ म्हणजे भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं. त्यात आहे की रक्ताने आणि रंगाने भारतीय पण आवडीनिवडी, मतं, नीती आणि बुद्धीने इंग्रज असा एक वर्ग आपल्याला तयार करायचाय. आणि तुमच्या मुलीच्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो लिहितो की भारताच्या 'या भागातल्या' लोकांच्या, म्हणजे कलकत्त्याकडच्या, रोजच्या बोलीभाषांत ना साहित्य आहे ना शास्त्रीय माहिती, त्या इतक्या दरिद्री आणि ओबडधोबड आहेत की आधी बाहेरून समृद्ध केल्याशिवाय त्यांच्यात काही मोलाचं भाषांतर करणंही सोपं नाही, आणि याबद्दल म्हणे सगळ्या पक्षांचं एकमत आहे. म्हणजे तेव्हाचा वाद संस्कृत-अरबी की इंग्रजी असा होता, मातृभाषा रिंगणातच नव्हती! मातृभाषेच्या बाजूने बोलणाऱ्या मुलीला याहून धारदार सुरुवात कुठे मिळणार सांगा.

आता तिला विचारा, मेकॉलेचं हे म्हणणं मराठीला लागू होतं का? इथे इतिहासाच्या बाई कामाला येतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ चा. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत निघालं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी, आणि म्हणून तर आपण त्या दिवशी पत्रकार दिन पाळतो. दोन्ही त्या टिपणाच्या आधीचं आहे. ज्या भाषेचा एवढा मोठा कोश छापून झालाय आणि जिच्यात वर्तमानपत्र चालू झालंय तिला कलकत्त्याकडच्या बोलींबद्दलचं ते मत कसं काय लावायचं, हा प्रश्न तिने स्टेजवर विचारला तर सभागृह शांत होईल. (तुमचे प्रतिकूल बाजूचे विद्यार्थी म्हणतील, कोश आणि वर्तमानपत्र असणं वेगळं आणि त्या भाषेत भौतिकशास्त्राचं पुस्तक असणं वेगळं. म्हणू दे. तो चांगला मुद्दा आहे, त्याचं उत्तर तिला शोधावं लागेल.)

खोटा उतारा काढल्यावर तिचं भाषण दुबळं होईल अशी तिला भीती वाटली, म्हणून ती रडली. खऱ्या कागदाने ते जास्त ताकदीचं होतं हे तिला एकदा अनुभवू दे. जोश घालवायचा नाही म्हणता ना, जोश इथूनच येतो.

'गुगलवर आहे की' याचं काय करायचं. मुलांना वाटतं चार साइटवर आहे म्हणजे चार पुरावे. त्यांना गावातली अफवा आठवायला सांगा. चार जणांनी सांगितलं की अमक्याच्या विहिरीत बिबट्या पडला, पण चौघांनीही ते एकाच पाचव्याकडून ऐकलेलं, तर साक्षीदार किती? एकच, आणि तोही चारात नाही. साइटचं तसंच, एकाने लिहिलेलं बाकीच्यांनी कॉपी केलेलं असतं, कधीकधी चुकीचं शुद्धलेखन सुद्धा जसंच्या तसं. मुलांना ते वाक्य जसंच्या तसं चार साइटवर शेजारी ठेवून वाचायला लावा, त्यांना लगेच दिसतं. मग प्रश्न असा विचारायचा की यातल्या कुणी मूळ गोष्ट स्वतः पाहिली आहे का, किंवा मूळ कागद दाखवलाय का.

आणि मूळ कागद मागायला आपण घाबरतो, ते काही मोठ्या लोकांचंच काम नाहीये. हॉकी आपला राष्ट्रीय खेळ हे आपण सगळेच पाठ करून मोठे झालो. २०२० मध्ये धुळे जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी माहितीच्या अधिकारात सरळ अर्ज केला की हॉकीला राष्ट्रीय खेळ म्हणून कधी घोषित केलं, तर केंद्रीय क्रीडा मंत्रालयाकडून उत्तर आलं की सरकारने कुठलाच खेळ तसा घोषित केलेला नाही. त्याआधी २०१२ मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीलाही असंच उत्तर मिळालं होतं. शाळकरी मुलगी! तुमच्या वर्गात हे सांगाच.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. मी बरीच वर्षं शाळांमध्ये मुलांची भाषणं बसवून घेतली आहेत आणि परीक्षक म्हणूनही बसले आहे, त्यातून एक गोष्ट पक्की झालीये. पुरावा पारखणं मुलांना येत नाही हे खरं नाही. समोरच्याचा पुरावा ती अशी फाडतात की बघत राहावं. कुणी विचारलं तुला, किती जणांना विचारलं, हे कधीचं आहे, सगळं सुचतं त्यांना. सुचत नाही ते फक्त स्वतःच्या बाजूच्या पुराव्याबद्दल, कारण तो आवडलेला असतो. आपलं मोठ्यांचंही तेच आहे, फॅमिली ग्रुपवर बघा. म्हणून तुमच्या शनिवारच्या तासाचा एकच नियम ठेवा, प्रत्येकाने आपला सगळ्यात लाडका पुरावा आणायचा आणि तो स्वतःच मोडायचा प्रयत्न करायचा, वर्गासमोर. मोडला नाही तर ठेवायचा. अर्धवट मोडला तर दुरुस्त करायचा. दुसऱ्याच्या पुराव्याला हात लावायचा नाही, निदान पहिले चार शनिवार तरी. हे आपल्याकडे नवं नाहीये, जुन्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायचा म्हणजे समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडून दाखवायची आणि मगच आपलं बोलायचं. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तर चर्चेचेच तीन प्रकार केलेत, खरं काय ते शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता नुसतं समोरच्याचं खोडायचं ती वितंडा. आपण 'वितंडवाद' म्हणतो तो शब्द तिथला. मुलांना हे तीन शब्द भयंकर आवडतात, माझ्याकडे एक मुलगा मित्राचं भाषण ऐकून 'हा जल्प झाला रे' असं म्हणायला लागला होता आणि ते बरोबर असायचं.

पुरावा मोडायचा म्हणजे काय करायचं, ते तुमच्याच विषयावरून सांगते.

तुमच्या विषयातला सगळ्यात महागडा शब्द कोणता माहितीये? 'मातृभाषेतूनच'. त्यातला 'च'. तो एका अक्षराचा 'च' मुलं सहज घेऊन टाकतात, कारण विषय तसाच छापून आलेला असतो, पण त्या एका अक्षरासाठी पुराव्याचा डोंगर लागतो. 'मातृभाषेतून शिकल्याने मुलांना फायदा होतो' याला पुरावा मिळेल. 'मातृभाषेतूनच शिकलं पाहिजे' म्हटलं की इंग्रजी माध्यमात नीट शिकलेलं एक मूल उभं केलं तरी तुमचं वाक्य डगमगतं. मुलांना लाल पेन द्या आणि स्वतःच्या भाषणातले सगळे 'च', 'फक्त', 'सगळे', 'कधीही नाही', 'सिद्ध झालंय' यांच्याभोवती गोल काढायला सांगा. मग प्रत्येक गोलासमोर लिहायचं, याला पुरेल इतका पुरावा आहे का? नसेल तर दोनच रस्ते, पुरावा वाढवा नाहीतर वाक्य लहान करा. अंथरूण पाहून पाय पसरायचे, आणखी काही नाही. स्पर्धेच्या विषयातला 'च' तर काढता येत नाही, तेव्हा मुलीने सुरुवातीलाच सांगायचं की आम्ही या 'च'चा अर्थ अमुक घेतोय, प्राथमिक वर्गांसाठी म्हणा किंवा मुख्य माध्यम म्हणून म्हणा, आणि तेवढंच आम्ही सिद्ध करणार. परीक्षकांना हे फार आवडतं, मी स्वतः अशा मुलांना झुकतं माप दिलंय.

हाच 'च' दुसऱ्या बाजूनेही घुसतो. मुलं म्हणतात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आठवीपर्यंत मातृभाषा सक्तीची केली. २०२० च्या धोरणातलं ते वाक्य काढून वाचायला द्या, त्याचे पहिलेच शब्द 'जिथे शक्य असेल तिथे' असे आहेत, आणि मग निदान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत आणि पुढेही, घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक किंवा प्रादेशिक भाषा. 'शक्यतो'ची 'सक्ती' करून टाकतात मुलं, मुद्दाम नाही, वाचताना डोळा तिकडे जातच नाही म्हणून.

दुसरी गोष्ट उदाहरणांची. 'माझा मामेभाऊ मराठी शाळेत शिकला आणि आयआयटीत गेला.' 'डॉ. माशेलकर मुंबईत म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकले.' दुसरं खरंच आहे, आणि ऐकायला छान वाटतं. पण मुलांना विचारा, चाळीस-पन्नासच्या दशकात महाराष्ट्रातली बहुतेक मुलं कुठल्या माध्यमात शिकत होती? मराठीच. म्हणजे त्या पिढीतले मोठे शास्त्रज्ञ मराठी माध्यमातले, आणि सातवीत शाळा सोडून गेलेलेही मराठी माध्यमातलेच. मग शास्त्रज्ञांच्या यादीतून माध्यमाबद्दल नक्की कळलं काय? शितावरून भाताची परीक्षा असं आपण म्हणतो आणि ते खोटं नाही, पण ती परीक्षा चालते कधी, सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर, नीट ढवळून शिजला असेल तेव्हा. वरचंच एक फुललेलं शीत वेचून घेतलं आणि खाली करपलेलं बघितलंच नाही तर? मुलींना आणि मुलांना, दोघांनाही हे घरी करून बघायला सांगा खरोखर, पातेल्यातून तीन ठिकाणची शितं घ्यायची. एकदा हाताने केलं की 'सॅम्पल कुठून घेतलं' हा प्रश्न पाठ करावा लागत नाही. म्हणून माशेलकरांचं उदाहरण फेकून द्यायचं असं नाही हां. मराठी माध्यमात शिकून मोठा शास्त्रज्ञ होता येतं, एवढं ते भक्कम दाखवतं. कुणी 'मराठीत शिकून काही होत नाही' म्हणालं तर त्याला ते एकटं पुरतं. तेच उदाहरण एका दाव्याला पुरेसं आणि दुसऱ्याला अपुरं, हे मुलांना कळणं म्हणजे निम्मं काम झालं.

मग आकडे. समोरच्या टीमने आकडे फेकले म्हणता. एक खेळ सांगते, हा माझ्याकडे दरवेळी चालतो. 'असर' म्हणजे गावोगावच्या मुलांना काय वाचता येतं ते मोजणारी पाहणी, तिच्या अहवालातले तीन आकडे फळ्यावर लिहा. ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येणारी मुलं, २०१८ मध्ये २७.३ टक्के, २०२२ मध्ये २०.५, २०२४ मध्ये २७.१. वर्गाचे तीन गट करा आणि प्रत्येक गटाला वेगळं वाक्य सिद्ध करायला द्या. एकाला 'शिक्षण घसरतंय', एकाला 'शिक्षण झपाट्याने सुधारतंय', एकाला 'काहीच बदललं नाही'. पहिला गट २०१८ आणि २०२२ घेईल, दुसरा २०२२ आणि २०२४, तिसरा पहिला आणि शेवटचा. तिघेही खरे आकडे वापरतायत आणि तिघांची वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध! मुलं आधी हसतात आणि मग गप्प होतात. मग त्यांना विचारा मधल्या आकड्याच्या आधी काय झालं होतं, कोविड आणि बंद शाळा त्यांना स्वतःच्या आठवणीतून माहितीये. आणि हेही विचारा की हे आकडे कुणाचे आहेत, तर गावातल्या मुलांचे, घरी जाऊन एकेकाला वाचायला देऊन मोजलेले. पुण्या-मुंबईतल्या शाळांबद्दल ते काही सांगत नाहीत. त्यामुळे 'भारतातल्या इतक्या मुलांना वाचता येत नाही' असं म्हटलं की तिथेच थांबवायचं, 'ग्रामीण' शब्द कुठे गेला?

दुसरा आकडा आपल्या घरचा. दहावीचा राज्याचा निकाल २०२० मध्ये ९५.३० टक्के, २०२१ मध्ये ९९.९५, २०२२ मध्ये ९६.९४. हे तीन आकडे परग्रहावरून आलेल्या माणसाला दिले तर तो म्हणेल २०२१ मध्ये महाराष्ट्रात शिक्षणाची क्रांती झाली. तुम्हाला-मला माहितीये त्या वर्षी परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. मोजपट्टीच बदलली होती. आकडा वाढला किंवा कमी झाला की पहिला प्रश्न हाच, दोन्ही वेळा एकाच पट्टीने मोजलं का.

कारण आणि परिणाम यावर मी फार वेळ घालवत नाही, कारण आपल्या भाषेने ते काम करून ठेवलंय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. 'इंग्रजी शाळा वाढल्या आणि मुलांचं वाचन कमी झालं' असं कुणी म्हणालं की बाकीच्यांनी फक्त 'कावळा?' एवढंच विचारायचं. मग बोलणाऱ्याने सांगायचं की फांदी कावळ्यानेच मोडली हे तो कशावरून म्हणतोय, मोबाईल नव्हता का, वाचनालयं बंद पडली नव्हती का.

आता तुम्ही म्हणाल ताई सगळे पुरावे मोडून झाले, मग मुलीने बोलायचं काय. म्हणून एक चांगला पुरावा कसा असतो तेही दाखवा, नाहीतर मुलं निराश होतात आणि 'सगळंच खोटं असतं' म्हणायला लागतात, जे आंधळेपणाने विश्वास ठेवण्याइतकंच वाईट. नायजेरियात इफे इथे १९७० साली एक प्रयोग सुरू झाला. तिथे नेहमीची पद्धत अशी की पहिली तीन वर्षं योरुबा या मातृभाषेत आणि मग इंग्रजीत. या प्रयोगात काही वर्गांना प्राथमिकची सहाच्या सहा वर्षं योरुबात शिकवलं, इंग्रजी हा फक्त एक विषय, आणि त्यांची तुलना जुन्या पद्धतीने शिकणाऱ्या वर्गांशी केली. योरुबातून शिकलेली मुलं मागे पडली नाहीत, उलट एकंदरीत चांगली ठरली, इंग्रजीत सुद्धा. बघा, हा माशेलकरांच्या उदाहरणापेक्षा वेगळ्या जातीचा पुरावा आहे, कारण इथे दोन गट आहेत आणि तुलना आहे. 'मातृभाषेत शिकलं की इंग्रजी कच्चं राहतं' या भीतीला तो थेट उत्तर देतो, आणि तुमच्या समोरच्या टीमचा मुख्य मुद्दा तोच असणार, हो ना?

आणि मग नियमाप्रमाणे हाही मोडून बघायचा. प्रयोगातल्या वर्गांना इंग्रजी शिकवायला खास शिक्षक दिले होते. मग इंग्रजी सुधारलं ते योरुबामुळे की त्या शिक्षकांमुळे? नवी पुस्तकंही आली होती. मुलीला हे माहीत असायला हवं, आणि माझं मत विचाराल तर तिने ते स्वतःच भाषणात सांगून टाकावं, म्हणजे 'या वर्गांना इंग्रजीचे चांगले शिक्षकही होते, म्हणून मी असं म्हणत नाही की भाषा बदलली की आपोआप सगळं होतं, मी म्हणते की मातृभाषेतून शिकवून आणि इंग्रजी हा विषय चांगल्या शिक्षकाकडून शिकवून मूल दोन्हीकडे पुढे जाऊ शकतं.' समोरचा जो खोडायला उठणार होता त्याच्या हातातलं हत्यारच गेलं. आणि तिचा दावा बघा, किती अचूक झाला, कुठे 'च' नाही.

हरण्याबद्दल. मुलांना लागलेलं मी समजू शकते आणि 'सत्याचाच विजय होतो' असं त्यांना सांगू नका, कारण त्या दिवशी तो झाला नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना खंडनाच्या फेरीत विचारायचे तीन प्रश्न द्या, हा आकडा कोणत्या वर्षाचा, कुणी मोजला, कुणाला मोजलं. आवाज न चढवता, हसतमुखाने, एवढेच तीन. ज्याने आकडा हवेतून आणलाय तो तिथेच अडखळतो आणि परीक्षकांना ते दिसतं. मी परीक्षक असताना कितीदा तरी नुसत्या आवाजाला आणि पाठांतराला गुण दिलेत, कुणी समोरून प्रश्नच विचारला नाही म्हणून. ते चुकलंच माझं. त्यामुळे दुसरं काम तुमचं, पुढच्या वर्षीच्या आयोजकांना आत्ताच पत्र लिहा की प्रत्येक स्पर्धकाने आपल्या मुख्य तीन पुराव्यांची चिठ्ठी, कुठून घेतलं एवढं लिहून, परीक्षकांकडे द्यावी आणि त्याला दहातले दोन गुण असावेत. तालुक्यातल्या चार-पाच शाळांच्या शिक्षकांनी मिळून मागितलं तर ऐकतात हो, मी पाहिलंय. त्यासाठी वेगळा खर्च नाही की काही नाही.

तासाचं गणित तुम्हाला जड वाटेल, एवढं सगळं एका शनिवारात होणार नाहीच. पहिला शनिवार फक्त मेकॉले. दुसरा लाल पेन आणि 'च'. तिसरा आकड्यांचा खेळ. भाताचं घरी करू दे. चौथ्या शनिवारी आपापला लाडका पुरावा मोडायचा, आणि त्या दिवशी तुम्हीही एक आणा तुमचा स्वतःचा, वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलेलं एखादं वाक्य, आणि मुलांसमोर मोडून दाखवा. बाईंनी स्वतःचं मोडलं की वर्गात चुकायची लाज निघून जाते.

आणि ती मुलगी. तिला सगळ्यांच्या आधी, एकटीला बोलवा. सांगा की तुझा उतारा मी काढला पण तो का चुकीचा होता ते आपण दोघींनी शोधायचं राहिलं. तारीख तिलाच शोधू दे, पहिल्या शनिवारी फळ्याजवळ तिलाच उभी करा. टिपणातला बोलीभाषांबद्दलचा तो परिच्छेद आणि 'दर्पण'ची तारीख एवढंच हातात द्या आणि भाषणाची पहिली दोन मिनिटं नव्याने लिहायला सांगा. लिहून झाली की मला पाठवा, मला ती वाचायची आहेत.